दोन संगणकांचा ताळमेळ : असलेली प्रत पुन्हा कशासाठी?

एकच सामग्री दोन संगणकांवर असावी आणि एकीकडे झालेला फेरफार आपोआप दुसरीकडे पोहोचावा, ही सोय आता घरोघरी, शाळांतून आणि ग्रंथालयांतून हवीशी वाटू लागली आहे. तिला व्यवहारात 'सिंक' म्हणतात. शास्त्रीय लेखनात समक्रमण हा शब्द योजतात. ही सोय प्रथम उभी करताना एक प्रश्न हटकून पुढे येतो. दोन्ही ठिकाणी बहुतेक सामग्री आधीपासूनच असेल तर काय करावे? बहुसंख्य लोकांचे उत्तर ठरलेले असते : एकीकडचे सगळे पुसून टाकावे आणि दुसरीकडून सगळे नव्याने उतरवून घ्यावे. हा मार्ग सावधपणाचा समजला जातो. वस्तुतः तो सावधपणाचा नाही. तो केवळ तपासणी टाळण्याचा मार्ग होय. त्यात वेळ जातो ही गोष्ट लहान आहे. त्यात माणसाचे केलेले काम नाहीसे होऊ शकते, ही गोष्ट मोठी आहे.

बंगळूरच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेले जे. पी. नगर आहे. क्रमांकांच्या टप्प्यांनी विस्तारलेली ही वसाहत. २००४ साली उभे राहिलेले 'रंगशंकरा' नाट्यगृह येथेच आहे. बंगळुरात नोकरीनिमित्त आलेली आणि तेथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशांपैकी जे. पी. नगरातील एका घराची केवळ उदाहरणादाखल कल्पना करावी. घरातील निवृत्त गृहस्थांनी वडिलांच्या हस्तलिखित वह्या, जुनी पत्रे आणि तीन पिढ्यांची छायाचित्रे स्कॅन करून संगणकावर ठेवली आहेत. फायली चाळीस हजार आणि आकार चारशे गिगाबाइट, असे धरू. सहा महिन्यांपूर्वी कन्या बेळगावी परत जाताना या सर्वांची प्रत एका हार्ड डिस्कवर घेऊन गेली. तेव्हापासून ती वह्यांतील मोडी मजकूर बाळबोधीत उतरविते आहे. इकडे वडील छायाचित्रांवर माणसांची नावे आणि साले नोंदवीत आहेत. आता दोघांनाही एकमेकांचे काम आपल्या संगणकावर हवे आहे.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू, कारण तो सोपा आहे. घरच्या जोडणीतून माहिती बाहेर धाडण्याचा वेग सेकंदास वीस मेगाबिट असेल, तर चारशे गिगाबाइट पाठविण्यास एक लाख साठ हजार सेकंद, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस तास लागतात; तेही वीज आणि जोडणी एकदाही न तुटता. उलट तीच डिस्क जागच्या जागी, सेकंदास शंभर मेगाबाइट या गतीने आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढावयास सत्तर मिनिटेही लागत नाहीत. पाठविणे आणि वाचणे यांच्या खर्चातील हे अंतर हाच या विषयाचा पाया आहे.

परंतु वेळेपेक्षा दुसरी बाजू गंभीर आहे. जे. पी. नगरची प्रत 'मूळ' समजून बेळगावची प्रत पुसली, तर कन्येने सहा महिन्यांत उतरविलेली पाने गेली. बेळगावची प्रत मूळ समजली, तर वडिलांनी आठवून आठवून लिहिलेली नावे गेली, आणि ती नावे सांगू शकणारे दुसरे कोणी बहुधा उरलेले नसते. सहा महिने दोन ठिकाणी हाताळल्या गेलेल्या संग्रहात 'मूळ' अशी एक प्रत राहिलेलीच नसते. म्हणूनच प्रत पुन्हा काढण्यापूर्वी कोणती फाइल दोन्हीकडे समान आहे, कोणती एकीकडेच आहे आणि कोणती दोन्हीकडे असूनही भिन्न आहे, हे ठरविणे भाग आहे. हे ठरले की समान असलेल्या फायली पाठविण्याचे कारणच उरत नाही. त्यांची संख्या चाळीस हजारांपैकी एकोणचाळीस हजारांच्याही वर असणार, हे उघड आहे.

दोन दूरच्या वस्तू एकत्र न आणता त्या समान आहेत हे कसे ओळखावे? मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेला नवाचा ताळा येथे उपयोगी पडतो. ३४६ ला २५ ने गुणून ८६५० आले. ३४६ च्या अंकांची बेरीज १३, पुन्हा बेरीज ४. २५ ची ७. चार सत्ते अठ्ठावीस, त्याचे १०, त्याचा १. इकडे ८६५० ची बेरीज १९, त्याचे १०, त्याचा १. ताळा जुळला. संपूर्ण गुणाकार पुन्हा न करता केवळ एका अंकावरून उत्तराची परीक्षा झाली. संगणकही हेच करतो. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातील सर्व आकड्यांवर एक ठरावीक गणित करून तो एक छोटी संख्या काढतो, आणि दोन्ही टोकांकडील संगणक फाइलऐवजी ही संख्या एकमेकांस कळवितात.

नवाच्या ताळ्याचा दोष जुन्या शिक्षकांस चांगला ठाऊक होता. विद्यार्थ्याने ८६५० ऐवजी ८५६० लिहिले तरी बेरीज १९ च राहते आणि चूक निसटते. यावर उपाय असा, की प्रत्येक अंकास त्याच्या स्थानाप्रमाणे वजन द्यावे. ८, ६, ५, ० यांना अनुक्रमे ४, ३, २, १ या संख्यांनी गुणून बेरीज केली तर ६० येते. ८, ५, ६, ० यांची ५९. अदलाबदल लगेच उघडी पडते.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत सिद्ध केलेल्या 'आरसिंक' या कार्यक्रमात नेमके हेच दोन ताळे, साधी बेरीज आणि स्थानाचे वजन दिलेली बेरीज, एकत्र वापरले आहेत. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जाणारी जोडणी इतकी मंद होती, की मोठ्या फाइलमधील दोन ओळी बदलल्या म्हणून ती सबंध पाठविणे परवडत नसे. घेणारा संगणक आपल्याजवळच्या जुन्या फाइलचे तुकडे पाडून त्यांचे ताळे कळवितो. पाठविणारा आपल्या नव्या फाइलमध्ये ते तुकडे कोठे सापडतात ते शोधतो. आणि जेवढे सापडत नाही तेवढेच पाठवितो.

या शोधात एक सुंदर युक्ती आहे. नव्या फाइलच्या आरंभी एकच अक्षर घातले गेले असेल तर पुढचे सर्व एका घराने सरकते. म्हणून ताळा प्रत्येक स्थानापासून काढून पाहावा लागतो. ४, ७, २, ९ यांची बेरीज २२. खिडकी एक घर पुढे सरकून ५ आत आला, तर सगळी बेरीज पुन्हा नको : २२ मधून ४ वजा, ५ अधिक, म्हणजे २३. वजनाची बेरीजही तशीच. पहिल्या चौकटीची ती ५० होती. तीतून बाहेर पडणाऱ्या अंकाची चौपट, १६, वजा करावी आणि नवी साधी बेरीज २३ मिळवावी, की ५७. कागदावर ताडून पाहावे : ७ चौक २८, २ त्रिक ६, ९ दुणे १८ आणि ५. दोन-तीन क्रियांत ताळा पुढे सरकतो, म्हणूनच लाखो स्थाने तपासणे शक्य होते. हा ताळा हलका असल्याने तो जुळला तरी त्यावर विश्वास टाकीत नाहीत. जुळलेल्या तुकड्यावरच मग दुसरा, जड आणि कठोर ताळा लावतात. हलक्या चाळणीने पाखडावे आणि भारी काट्यावर तोलावे, अशी ही व्यवस्था आहे.

कठोर ताळ्यांपैकी आज सर्वमान्य असलेला 'एसएचए-२५६' हा होय. तो कोणत्याही मजकुरापासून २५६ बिटांची, म्हणजे केवळ बत्तीस बाइटांची संख्या काढतो. त्याचे संभाव्य निकाल लिहावयाचे तर अठ्ठ्याहत्तर अंकी संख्या लागते. दोन भिन्न मजकुरांचा हा ताळा एकच आल्याचे उदाहरण अद्याप कोणाच्याही हाती लागलेले नाही. त्याच्या आधीचा 'एसएचए-१' हा ताळा मात्र २०१७ साली जाणूनबुजून फोडून दाखविला गेला, तेव्हा ताळ्याची निवडही विचाराने करावी लागते.

'सिंकथिंग' हा विनामूल्य आणि खुल्या स्वरूपाचा कार्यक्रम २०१३ साली याकोब बोर्ग यांनी प्रथम प्रसिद्ध केला. तो फाइलचे किमान १२८ किबिबाइटांचे, म्हणजे १,३१,०७२ बाइटांचे खंड पाडतो आणि प्रत्येक खंडास बत्तीस बाइटांचा हा ताळा देतो. यावरून ताळ्यांची रास मूळ सामग्रीच्या फार तर सुमारे चार हजाराव्या भागाएवढी भरते हे दिसेल. जे. पी. नगर आणि बेळगाव यांमध्ये चारशे गिगाबाइटांऐवजी शंभरएक मेगाबाइटांची यादी गेली की पुरे. तिला पूर्वीच्याच वेगाने मिनिटभरही लागणार नाही. पुढे जावयाचे ते केवळ बदललेले खंड.

तेव्हा असलेली प्रत कामी आणणे म्हणजे काही खास कसरत नव्हे. दोन्ही संगणकांवर कार्यक्रम बसवावा, दोन्हीकडे सामग्री असलेला फोल्डर दाखवावा, दोघांना आपापली मोजणी पुरी करू द्यावी आणि मगच त्यांची गाठ घालावी. आणखी एक पथ्य पाळावे. आरंभी एकास 'फक्त पाठविणारा' आणि दुसऱ्यास 'फक्त घेणारा' असे नेमून भिन्न ठरलेल्या फायलींची यादी डोळ्यांनी पाहावी. चाळीस हजारांपैकी सहाशे भिन्न निघाल्या तर ते अपेक्षेप्रमाणे आहे. चाळीसच्या चाळीस हजार भिन्न निघाल्या तर सामग्री बदललेली नसून मांडणीत कोठेतरी चूक आहे, असे खुशाल समजावे. अशा वेळी 'घेणाऱ्या'कडे स्थानिक फेरफार मागे घेण्याचे जे बटन दिसते ते दाबू नये. त्याने तेथील जास्तीचे सर्व नाहीसे होते, आणि बेळगावची सहा महिन्यांची पाने नेमकी त्या 'जास्तीत' मोडतात. आकडे पटले की दोघांनाही दुतर्फा करावे.

मांडणीतल्या चुका बहुधा क्षुल्लक असतात. सर्वांत नेहमीची म्हणजे एक पायरी चुकणे : एकीकडे 'संग्रह' हा फोल्डर दाखविला आणि दुसरीकडे तो ज्याच्या पोटात आहे तो, मग 'संग्रह'मध्ये आणखी एक 'संग्रह' तयार होतो आणि सारे दुप्पट होते. दुसरी चूक वेळेची. आरसिंक हा घाई करणारा कार्यक्रम आहे; वेगळी आज्ञा नसेल तर तो प्रथम फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढेच पाहतो. प्रत काढताना वेळ जपली गेली नसेल, तर तो अगदी समान फायलीही संशयास्पद धरून पुन्हा तपासावयास घेतो. पेनड्राइव्हवरील फॅट पद्धतीत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते, हेही अशा घोटाळ्याचे एक कारण. त्यातच एखाद्या जुन्या संगणकाच्या आतला घड्याळाचा सेल संपलेला असला तर तो दर वेळी कित्येक वर्षे मागची तारीख दाखवितो. समक्रमणापूर्वी दोन्हीकडची घड्याळे पाहून घेणे हे अगदी साधे काम आहे, आणि तेच राहून जाते.

मराठी वाचकास विशेष जाणण्याजोगी अडचण अक्षरांची आहे. रोमन लिपीतील लहानमोठ्या अक्षरांचा गोंधळ देवनागरीत नाही, म्हणून देवनागरी नावे निर्धोक असतात, अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. 'दुसऱ्या वहीतील पाने' असे फाइलचे नाव घ्यावे. त्यातील 'ऱ्या' हे अक्षर संगणक तीन प्रकारे लिहू शकतो. एक, 'ऱ' हे युनिकोडमधील स्वतंत्र अक्षर घेऊन. दोन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी करून. तीन, 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह योजून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी त्या तीन निराळ्या अक्षररचना आहेत. पहिल्या दोन समान मानाव्यात असा युनिकोडचा नियम आहे आणि चांगले कार्यक्रम तो पाळतात; ॲपलच्या जुन्या संगणकांची फायली ठेवण्याची पद्धत तर नावे आपणहून दुसऱ्या प्रकारात मोडून ठेवीत असे. तिसरा प्रकार मात्र नियमानेच वेगळा ठरतो. म्हणून जे. पी. नगरच्या कळफलकावर पहिल्या प्रकाराने आणि बेळगावच्या कळफलकावर तिसऱ्या प्रकाराने तेच नाव टंकित केले गेले, तर समक्रमणानंतर दोन्हीकडे हुबेहूब एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि घरची मंडळी यंत्राला भूत लागले म्हणून हसतात. मजकुराचे ताळे पाहिले की या फायलींचे नाते लगेच कळते. ज्या भाषेच्या रोजच्या लिहिण्यात 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'येणाऱ्या' असे शब्द पदोपदी येतात, तिच्या शाळांतून कळफलकाची एकच पद्धत शिकविली जावी ही मागणी म्हणूनच केवळ शुद्धलेखनाची नाही.

आता तिसऱ्या गटाकडे वळावयाचे : दोन्हीकडे असलेल्या आणि दोन्हीकडे बदललेल्या फायली. येथे गणित थांबते. वडिलांनी आणि कन्येने एकाच टिपणात वेगवेगळी दुरुस्ती केली असेल, तर कोणती खरी हे कोणताही ताळा सांगू शकत नाही. तो एवढेच सांगतो, की त्या सारख्या नाहीत. सिंकथिंग अशा वेळी ज्या फाइलची बदलाची वेळ नंतरची ती नावासह ठेवतो आणि दुसरीला संघर्षदर्शक वेगळे नाव देऊन तीही जपून ठेवतो. निर्णय माणसावर सोडला जातो, आणि तेच योग्य आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती गावोगाव पसरल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम एखाद्या घाईच्या नकलनविसाने केले असते, तर त्याने हातातील ताजी प्रत खरी मानून बाकीच्या बाजूला सारल्या असत्या. 'नंतरची तारीख ती खरी' हा यंत्राचा नियम केवळ सोयीचा आहे. त्यास पाठनिर्णयाची प्रतिष्ठा देऊ नये, आणि संघर्षाचे नाव धारण करणाऱ्या फायली न वाचता पुसून टाकू नयेत.

एवढे झाल्यावर पुष्कळ लोक निश्चिंत होतात आणि येथेच मोठी गफलत होते. समक्रमण म्हणजे संरक्षण नव्हे. एकीकडे चुकून पुसलेली फाइल काही क्षणांत दुसरीकडूनही पुसली जाते. यंत्राच्या दृष्टीने पुसणे हाही एक फेरफारच. बाहेरची डिस्क जोडलेली नसताना कार्यक्रमास रिकामा फोल्डर दिसला, तर त्याने सारेच पुसले गेले असा अर्थ घेऊ नये, म्हणून सिंकथिंग फोल्डरात स्वतःची एक खूण ठेवतो आणि ती न दिसल्यास काम थांबवितो. ही दक्षता स्तुत्य आहे. पण माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीवर तिचा इलाज चालत नाही. त्यासाठी पुसलेल्या व बदललेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या काही काळ बाजूला ठेवण्याची सोय त्याच कार्यक्रमात आहे, ती चालू करावी. आणि एक तिसरी प्रत समक्रमणाच्या साखळीबाहेर, कपाटात, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी आले तेव्हा मुठेकाठच्या कितीतरी घरांतील कागदपत्रे आणि पुस्तके गेली. ज्यांची दुसरी प्रत शेजारच्या वाड्यात होती, त्यांना तिचा काय उपयोग?

बंगळूरने याच प्रश्नाचे सार्वजनिक रूपही पाहिले आहे. जे. पी. नगरातून जाणारा मेट्रोचा हिरवा मार्ग उत्तरेकडे यशवंतपुरास जातो. त्या बाजूस भारतीय विज्ञान संस्थेचे आवार आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने याच संस्थेच्या पुढाकाराने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चे काम उभे राहिले आणि देशभरच्या केंद्रांतून लक्षावधी पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठी पुस्तके हजारोंनी होती. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. ती पुस्तके आज वाचावयास मिळतात, याचे मुख्य कारण असे, की कार्ल मालामुद यांनी त्याआधीच चार लाखांहून अधिक पुस्तकांची प्रत काढून 'इंटरनेट आर्काइव्ह'वर ठेविली होती. जुने मराठी पुस्तक शोधणाऱ्यास तेथे पुस्तकाच्या ओळखनावात 'डीएलआय' ही अक्षरे आणि २०१५ हा आकडा आजही दिसतो. एका उत्साही माणसाच्या तत्परतेवर एवढा ठेवा अवलंबून राहावा, ही गोष्ट कौतुकाची आहे तशीच काळजीचीही आहे.

त्या संग्रहावरून ताळ्याची मर्यादाही ध्यानात येते. एकच पुस्तक दोन केंद्रांत स्कॅन होऊन दोन नावांनी आत आल्याची उदाहरणे तेथे आढळतात. ताळा त्यांना समान म्हणणार नाही, कारण पानांची चित्रे वेगळी आहेत. ताळा ओळखतो ती फाइल. ग्रंथ ओळखण्याचे काम ग्रंथपालाचेच राहते.

यावरून एक सूचना करावीशी वाटते, आणि ती खर्चाची नाही. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही अनेक ग्रंथालये आपापली दुर्मिळ पुस्तके स्कॅन करीत आहेत. त्यांनी प्रत्येक संग्रहाबरोबर त्यातील फायलींच्या ताळ्यांची यादी तयार करून ठेवावी आणि ती उघडी ठेवावी. ही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीने रूढ केलेल्या 'बॅगइट' या पद्धतीत सामग्रीच्या गाठोड्यातच अशी यादी बांधून देतात. २०१८ साली त्या पद्धतीचा मसुदा इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत क्रमांक देऊन प्रसिद्धही झाला. यादी असली म्हणजे दोन ग्रंथालयांस आपले संग्रह न हलविता ताडून पाहता येतात. शिवाय डिस्क जुनी होऊन एखादी फाइल आतल्या आत बिघडली, तर ती कोणती हेही यादीवरूनच कळते. पुसून पुन्हा उतरविण्याची सवय असलेल्या संस्थेस हा बिघाड कधी कळतच नाही. ती बिघडलेलीच फाइल निष्ठेने पुढे पाठवीत राहते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, की शाळांतील संगणक जुने आणि मंद असल्यामुळे एवढे ताळे काढण्यास फार वेळ लागेल. लागेल हे खरे. सत्तर मिनिटांऐवजी एखादी रात्र लागेल. पण ते काम त्या संगणकापाशीच होते, त्यास जोडणी लागत नाही, आणि एकदा केलेली मोजणी पुढे फक्त नव्या व बदललेल्या फायलींपुरती करावी लागते. दुसरा आक्षेप असा, की हे सगळे मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या साठवणीत आपोआप होते, मग उठाठेव कशाला? ज्यांस ती साठवण परवडते त्यांनी ती अवश्य घ्यावी. परंतु भाडे थांबले की जागा जाते, आणि कोणत्या फायली तेथे होत्या याची स्वतंत्र यादी स्वतःजवळ नसेल तर काय गेले हेही सांगता येत नाही. सार्वजनिक ग्रंथालयास हा व्यवहार शोभणारा नाही.

शाळांपुरते बोलावयाचे तर दोन संगणक, एक जाळ्याची तार आणि दोन तासिका एवढ्यात हा सारा प्रयोग होतो. पहिल्या तासिकेस विद्यार्थ्यांनी सोळा अंकांची रांग घेऊन तिचे दोन्ही ताळे कागदावर काढावेत आणि एक अंक बदलून, दोन अंकांची अदलाबदल करून, आरंभी एक अंक घालून काय होते ते पाहावे. दुसऱ्या तासिकेस पेनड्राइव्हने एकाच फोल्डराची प्रत दोन्ही संगणकांवर ठेवून, एकीकडे एका फाइलमधील एकच ओळ बदलून, समक्रमण लावावे आणि किती बाइट तारेतून गेले तो आकडा फळ्यावर मांडावा. ग्रंथालयांच्या यादीचेही ओझे नाही : चाळीस हजार फायलींची नावे आणि त्यांचे ताळे मिळून पाच-सहा मेगाबाइट होतात, आणि ती यादी साध्या पत्राबरोबर दुसऱ्या दहा ग्रंथालयांकडे त्याच दिवशी धाडता येते.